चऱ्यांमागचं घर

ऑगस्ट १९१०मध्ये इंग्रज वास्तुविशारद एडविन ल्युटेन्सनं आपल्या बायकोला लिहिलेल्या पत्रात एका नव्या गिऱ्हाइकाचा उल्लेख आहे. गिऱ्हाईक तालेवार होतं. साठ हजार पौंड खर्च करायला तयार होतं. जागाही अशी की कुठल्याही वास्तुविशारदाच्या तोंडाला पाणी सुटावं. तरी पत्रात एक चुटपुट आहे. या माणसाला किल्ला नको असता तर किती बरं झालं असतं, असं ल्युटेन्स म्हणतो. ऐसपैस खोल्यांचं, जीव जडावा असं एक गोड घर त्याला हवं असतं तर!

गिऱ्हाइकाला मात्र किल्लाच हवा होता. डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळाच्या कडेला, टेन नदीच्या घळीवर पुढे आलेल्या एका सोंडेवर कॅसल ड्रोगो उभा आहे. इंग्लंडमध्ये बांधलेला शेवटचा किल्ला म्हणून त्याची ओळख सांगतात. ४ एप्रिल १९११ला पायाचा दगड बसला आणि १९३०मध्ये काम आटोपलं. म्हणजे ज्या काळात तोफेनं भिंती पाडण्याच्या गोष्टीही जुन्या झाल्या होत्या आणि आभाळातून बॉम्ब पडू लागले होते, त्या काळात एक माणूस ग्रॅनाइटच्या भरीव भिंती, तटाच्या माथ्यावर दातेरी चऱ्या, बुरूज आणि साखळीवर वरखाली होणारा जाळीचा दरवाजा असलेला किल्ला राहण्यासाठी बांधून घेत होता.

माझी मुलगी एक्सटरला राहते. तिथून ड्रोगो गाडीनं फार लांब नाही. तिच्याकडे गेले की माझी एक फेरी तिकडे ठरलेली असते. मुलगी म्हणते, "आई, बघून झालाय ना तो? अजून काय राहिलंय?" राहिलेलं दर वेळी काहीतरी सापडतंच. माझे वडील सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. इमारत बघायची ती पायाकडून वर आणि छपराकडून खाली, मधलं सगळं नंतर, ही त्यांची शिकवण. नव्या इमारतीत शिरले की ते आधी तळहात भिंतीवर टेकवायचे. ओल डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळते, असं म्हणायचे. ड्रोगोच्या भिंतीवर मी हात टेकवला तो त्यांच्या सवयीनं, आणि या घराशी माझं जे नातं जुळलं ते त्या हातापासून.

किल्ला बांधून घेणारा ज्युलियस ड्रू सरदार घराण्यातला नव्हता, चहाचा व्यापारी होता. जन्म १८५६चा. तरुणपणी नात्यातल्या पेढीनं त्याला चहाच्या खरेदीसाठी चीनला धाडलं. परत आल्यावर त्यानं लिव्हरपूलला स्वतःचं दुकान काढलं, मग एका भागीदाराबरोबर लंडनला. त्यातून 'होम अँड कलोनिअल स्टोअर्स' ही दुकानांची साखळी उभी राहिली. मधले दलाल टाळून माल थेट आणायचा, रोखीनं आणि स्वस्तात विकायचा, हा त्याचा धंदा. त्याच्या दुकानांतून भारतातला चहा गावोगावच्या साध्या इंग्रज घरांत पोहोचला. १८८९मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हा गृहस्थ रोजच्या धंद्यातून बाजूला झाला. पुढचं सगळं आयुष्य खर्च करायला मोकळं.

पैसा होता, ससेक्समध्ये मोठं घरही होतं. नव्हती ती जुनी मुळं. मग वंशावळ्या जुळवून देणारा एक जाणकार भेटला आणि त्यानं ड्रू घराण्याचा धागा बाराव्या शतकातल्या ड्रोगो द तेन्य नावाच्या नॉर्मन सरदाराशी नेऊन जोडला. त्या सरदाराच्या नावावरूनच डेव्हनमधल्या ड्रूस्टेन्टन गावाचं नाव पडलं होतं आणि योगायोग असा की ड्रूच्या नात्यातले एक धर्मगुरू त्याच गावच्या चर्चमध्ये होते. ड्रूनं तिथं सुमारे साडेचारशे एकर जमीन घेतली आणि पूर्वजाच्या नावानं किल्ला बांधायचा घाट घातला. वंशावळीचा तो धागा कितपत पक्का, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. आपल्याकडेही चार पैसे गाठीला आले की माणूस कुलदैवताचं देऊळ बांधायला गावाकडे निघतो. त्या ओढीत खोटं काही नसतं. आपण कुणाचे तरी आहोत, हे दगडात लिहून ठेवावंसं वाटणं ही फार माणसासारखी गोष्ट आहे. पायाचा दगड बसवला तो दिवसही ड्रूनं मुद्दाम निवडला होता. त्या दिवशी त्याला ५५ वर्षं पूर्ण झाली.

गाडी लावून चालत निघालं की किल्ला एकदम समोर येत नाही. आधी झाडं, मग कुंपणाच्या उंच हिरव्या भिंती, मग वळणाचा रस्ता, आणि मग उघड्या आभाळाखाली करडा ग्रॅनाइट. प्रवेशाच्या मनोऱ्यावर दगडात कोरलेला ड्रू घराण्याचा सिंह आहे आणि त्याच्याबरोबर लॅटिन बोधवाक्य. ड्रोगो हे माझं नाव आणि पराक्रमानं मला शस्त्रं दिली, अशा अर्थाचं. दारावर तो जाळीचा दरवाजा. तो शोभेचा नाही, खरोखर वरखाली होतो. चहाच्या पुड्या विकून उभारलेल्या घरावर पराक्रमाचं वाक्य बघून अनेकांना हसू येतं. मला नाही येत. दुकानदारीत उमेद लागते, आणि त्या माणसाला ती पराक्रमाइतकीच मोठी वाटली असेल तर त्यात काय वावगं?

भिंतीजवळ उभं राहिलं की ल्युटेन्सची खरी करामत कळते. लांबून दिसतं तसं हे सरळसोट बांधकाम नाही. भिंती वर चढता चढता किंचित आत कलत जातात. उतार इतका बेताचा की डोळ्याला तो वेगळा दिसत नाही, फक्त असं वाटतं की ही वास्तू कुणी आणून ठेवलेली नाही, खालच्या खडकातूनच वर आली आहे. कोपरे धारदार. एक पातळी संपते तिथं दुसरी जरा मागे सरकून सुरू होते. नक्षी जवळजवळ नाहीच. उन्हाची तिरीप फिरली की त्या सपाट पातळ्यांवर सावल्यांच्या कडा सरकतात आणि त्याच इथल्या नक्षीचं काम करतात. घडीव दगडाचा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. जवळून पाहिलं तर अभ्रकाचे बारीक कण चमकतात, आणि फेल्डस्पारचे पांढुरके स्फटिक बोटाच्या पेरांएवढे. सह्याद्रीतल्या काळ्या दगडावर वाढलेल्या डोळ्यांना या फिकट, ठिपकेदार दगडाची सवय व्हायला जरा वेळ लागतो.

हा दगड सहजासहजी लागलेला नाही. ल्युटेन्सचं म्हणणं होतं, भिंती दुहेरी बांधू, मध्ये पोकळी ठेवू. खर्चही आटोक्यात राहील आणि ओलही आत येणार नाही. ड्रूला ते पटलं नाही. पूर्वजांच्या किल्ल्याची भिंत पोकळ कशी असेल? भिंत भरीवच हवी. भरीव ग्रॅनाइट म्हटल्यावर खर्च कुठच्या कुठे गेला. मूळ आराखड्यात तीन बाजूंनी अंगणाला वेढणारी वास्तू होती, तिच्यात एक भलं मोठं दरबारी दालन होतं. एकेक करत सगळं गळलं. आज जे उभं आहे ते मूळ कल्पनेच्या साधारण एक तृतीयांश आहे. दरबाराच्या पायाखाली जे तळघर बांधून झालं होतं, त्याचं पुढे छोटं प्रार्थनामंदिर केलं. म्हणजे दरबार होणार होता तिथं आज खाली वाकून शिरावं लागणारी प्रार्थनेची शांत खोली आहे. प्रवेशाला एक भव्य दरवाजाही व्हायचा होता. तो कसा दिसेल हे ड्रूला कळावं म्हणून ल्युटेन्सनं लाकडात त्याचा खऱ्या मापाचा सांगाडा उभा करून दाखवला. ड्रूनं पाहिला आणि नको म्हणाला.

आता मी जे म्हणणार आहे ते माझं मत आहे, पण पक्कं मत आहे. कागदावर बघितलं तर या भांडणात ल्युटेन्स हरला. किल्ला नको म्हणत होता, किल्ला बांधावा लागला. पोकळ भिंत मागत होता, भरीव बांधावी लागली. पण आत शिरल्यावर कळतं की त्या पत्रातलं जीव जडावा असं घर त्यानं सोडलं नव्हतं. ते त्यानं चऱ्यांच्या मागे नेऊन ठेवलं.

आत शिरल्यावर पहिली भेट होते ती उघड्या दगडाशी. मार्गिकांतून गिलावा नाही, रंग नाही. बाहेरचाच ग्रॅनाइट आत आलेला, वर कमानी, मध्ये मध्ये बशीसारखे उथळ घुमट. वाचताना हे थंड आणि दटावणारं वाटेल, आणि पावसाळी दिवशी ते तसं आहेही. पण या मार्गिका आपल्याला नुसत्या चालवत नाहीत, तयारी करून घेतात. अरुंद, सावलीच्या जागेतून माणूस दिवाणखान्यात येतो तेव्हा तीन बाजूंच्या खिडक्यांतून डार्टमूरचा प्रकाश एकदम अंगावर येतो. भिंतींना लाकडाची फळीबंदी, तिला मवाळ हिरवा रंग, खिडकीबाहेर दूरवर पसरलेला माळ. दोन पावलांपूर्वी आपण किल्ल्यात होतो, हे विसरायला होतं.

मला सर्वात आवडतो तो मुख्य जिना. जेवणाचं दालन दिवाणखान्याच्या खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे पाहुण्यांनी जेवायला जायचं म्हणजे खाली उतरायचं. एरवी उतरणं म्हणजे जागा आवळत जाणं, तळघराकडे निघाल्याची भावना. ल्युटेन्सनं काय केलं, तर पायऱ्या खाली नेल्या आणि छत मात्र होतं त्याच पातळीवर राहू दिलं. एकेक पायरी उतरावी तशी डोक्यावरची उंची वाढत जाते. बाजूला उंचच उंच खिडकी, दगडी पट्ट्यांनी चौकटी पाडलेली, शिशाच्या बारीक पट्ट्यांत बसवलेल्या काचांची. तळाशी पोहोचेपर्यंत आपण एका मोठ्या देवळाच्या सभामंडपात उभे आहोत असं वाटू लागतं. उतरताना माणूस मोठा होत जातो, अशी ही रचना आहे. मी तिथं खाली उतरले, परत वर गेले, परत उतरले. बाकीचे लोक पुढे निघून गेले तरी चालेल, पण हे एकदा सावकाश करून बघावं असं मी प्रत्येकाला सांगते.

आणि स्वयंपाकघर. श्रीमंतांच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर ही लपवायची जागा. मालकाची नजर तिथं जायची नाही आणि बांधणाऱ्याची अक्कलही. ड्रोगोचं स्वयंपाकघर आडबाजूलाच आहे, त्याच्या भिंतींना बाहेर बघणाऱ्या खिडक्याही नाहीत. पण वर छताच्या मधोमध गोल घुमट आहे, काचेचा, आणि सगळा उजेड तिथून ओततो. त्याच्या बरोबर खाली, त्याच गोलाईचं, बीच लाकडाचं मोठं गोल टेबल. ते टेबलही ल्युटेन्सनंच आखलेलं. शेजारच्या धुण्याच्या खोलीत लाकडी मोऱ्या आहेत, दगडाच्या किंवा लोखंडाच्या नाहीत, कारण लाकडावर आपटून चिनी मातीची भांडी लगेच फुटत नाहीत. ताटं निथळायला ठेवायच्या फळ्या, खाटकाचा ओंडका, सगळं मापून केलेलं. कणीक मळणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या हाताला उजेड वरून आला की हाताची सावली कामावर पडत नाही. आयुष्यभर ट्यूबलाइटकडे पाठ करून स्वतःच्याच सावलीत भाजी चिरलेल्या बाईला याचं मोल सांगायला नको. व्हाइसरॉयचा महाल आखणाऱ्या माणसानं भांडी घासणाऱ्या मुलींच्या मोरीचा विचार एवढ्या आस्थेनं केला, ही गोष्ट मला दरबारी दालनापेक्षा मोठी वाटते. दरबार झाला नाही याचं मला काहीच वाईट वाटत नाही.

व्हाइसरॉयचा महाल मी उगाच मध्ये आणलेला नाही. डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि १९१२मध्ये ल्युटेन्स दिल्लीच्या कामावर रुजू झाला. आजचं राष्ट्रपती भवन आणि कॅसल ड्रोगो ही जवळजवळ जुळी भावंडं. १९२९च्या अखेरीस व्हाइसरॉय आयर्विन तिथं राहायला गेला आणि पुढच्याच वर्षी ड्रोगो पुरा झाला. वीसेक वर्षं हा माणूस हिवाळ्यात बोटीनं हिंदुस्थानात यायचा, रायसीनाच्या टेकडीवर लाल आणि पिवळसर वालुकाश्म चढताना बघायचा, आणि परत जाऊन डेव्हनच्या ग्रॅनाइटची मापं तपासायचा. आत कलणाऱ्या भिंती, मोठाले सपाट पृष्ठभाग, कमीत कमी नक्षी, सावलीवर भिस्त: दोन्हीकडे एकच हात ओळखू येतो.

त्याची बायको एमिली ही लॉर्ड लिटनची मुलगी. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खन उपाशी मरत असताना दिल्लीत दरबार भरवणारा तो हाच लिटन. आपल्याकडे ते नाव प्रेमानं कुणी घेत नाही. मुलीची वाट मात्र वेगळी झाली, ती थिऑसॉफीकडे वळली आणि तरुण जे. कृष्णमूर्तींना तिनं आईची माया लावली. ल्युटेन्सला स्वतःला हिंदुस्थानी वास्तुकलेबद्दल फारसा आदर नव्हता, त्याची पत्रं तशी साक्ष देतात. ते वाचून मला राग येतो आणि तो राग मी गिळत नाही. पण दिल्लीचं ऊन आणि दिल्लीचा पाऊस यांनी त्याला जे शिकवलं ते त्याच्या इमारतीत आहे. राष्ट्रपती भवनाच्या भिंतीवर चारही बाजूंनी फिरणारा दगडी छज्जा बघा. भिंतीपासून चांगला पुढे आलेला, खाली गडद सावलीची रेघ ओढणारा. तो छज्जा त्यानं इथूनच उचलला. तो ऊन अडवतो, आणि पावसाचं पाणी भिंतीपासून दूर फेकतो.

ड्रोगोला छज्जा नाही. डार्टमूरवर पाऊस दिल्लीपेक्षा कितीतरी जास्त, आडवा, वाऱ्यानं झोडपणारा, वर्षातले बहुतेक महिने. आणि तिथं भिंतीच्या माथ्यावर काहीही पुढे आलेलं नाही. कारण किल्ल्याला पागोळ्या नसतात. किल्ल्याच्या माथ्यावर चऱ्या असतात, चऱ्यांमागे सपाट जागा असते, आभाळाच्या पार्श्वभूमीवर नुसती दातेरी रेघ दिसते. उतरतं छप्पर दिसलं की किल्ल्याचं घर झालं. ड्रूला ते चालणार नव्हतं आणि एव्हाना ल्युटेन्सच्याही मनात ती शुद्ध रेघ भरली असणार. म्हणून काँक्रीटचं सपाट छत घातलं आणि त्यावर ॲस्फाल्टचा थर दिला. त्या काळी हे नवं तंत्र होतं. पाणी अडेल असा भरवसा होता.

इथं मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू येतो. सपाट छपराला ते नेहमी 'उद्याचं भांडण' म्हणायचे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर दोनतीन वर्षांनी वॉटरप्रूफिंग व्हायचं, कोबा फोडायचे, पुन्हा घालायचे, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा ओल यायची. पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे, त्यामुळे दोष शोधायचा कुठे हेच कळत नाही. ड्रोगोत नेमकं तेच झालं. दिवसा ऊन, रात्री गारठा. ग्रॅनाइट एका चालीनं फुगतो-आक्रसतो, काँक्रीट दुसऱ्या, पोलाद तिसऱ्या. ॲस्फाल्ट बिचारा या तिघांच्या ओढाताणीत सापडला आणि तडकला. इमारत पुरी व्हायच्या आधीच गळती सुरू झाली. भरीव भिंतींतल्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, शिरलेलं पाणी दगडादगडांतून वाट काढत आत उतरायचं. पोकळी असती तर ते तिथंच निथळून गेलं असतं. जी गोष्ट ल्युटेन्स सांगत होता तीच. खरे मध्ययुगीन किल्ले बांधणारे या बाबतीत जास्त शहाणे होते, असं मला वाटतं. चऱ्यांच्या आड ते बहुधा उतरतंच छप्पर घालत, वर शिसं किंवा फळ्या, आणि पाणी पन्हळींतून बाहेर काढून देत. बाहेरून किल्ला दिसायचा आणि आत छप्पर आपलं काम करायचं. ड्रोगोनं किल्ल्याचं दिसणं घेतलं, छपराची अक्कल घेतली नाही.

पुढची कितीएक वर्षं त्या घरात पावसाळी दिवशी खोल्यांतून बादल्या ठेवाव्या लागत.

छपराचं बोलता बोलता माणसांची गोष्ट मागे पडली. १९१४ला युद्ध सुरू झालं आणि गवंडी, सुतार, मजूर सैन्यात गेले, काम रेंगाळलं. १२ जुलै १९१७ला ड्रूचा थोरला मुलगा, तोफखान्यातला मेजर ॲड्रियन, बेल्जियममधल्या ईप्रजवळ मारला गेला. ज्या घराण्याचं नाव दगडात कोरण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्याचा वारस गेला. काम थांबलं नाही, पण त्याचा उत्साह गेला असं सगळे लिहितात, आणि इमारतीकडे बघून ते पटतं. आईनं, फ्रान्सेसनं, त्याच्या आठवणींची एक खोली केली. त्याचे फोटो, शाळा-कॉलेजातल्या वस्तू. ती खोली अजून आहे. मी तिथं फार वेळ थांबू शकत नाही.

त्याच सुमाराला ल्युटेन्स युद्धातल्या मृतांच्या स्मारकांच्या कामाला लागला होता. लंडनचा सेनोटाफ त्याचा, आणि दिल्लीचं इंडिया गेटही त्याचंच. इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेले सैनिक. त्यांच्यात आपल्याकडच्या कितीतरी खेड्यांतली मुलं. त्यांच्या आयांना खोली नव्हती, फोटोही नव्हते. एकाच माणसाच्या हातून ही कमानही झाली आणि जिथं एका आईनं मुलाची खोली जपली ते घरही. डेव्हनमधल्या त्या खोलीत उभं असताना मला दर वेळी कमानीवरच्या त्या नावांची आठवण होते, आणि दोन्ही दुःखांना सारखी जागा मिळालेली नाही हे खुपतं.

युद्धानंतर ड्रोगोचं दगडकाम मुख्यतः दोन गवंड्यांनी पुढे नेलं, क्लीव्ह आणि ड्यूडनी अशी त्यांची नावं सांगतात. किल्ल्याच्या बुलंद भिंतींकडे बघताना शेकडो माणसांची फौज डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं रोज सकाळी येऊन एकावर एक दगड बसवणारी दोन माणसं होती. बोधवाक्यातला पराक्रम मला कुठे दिसतो असं कुणी विचारलं तर मी त्या दोघांकडे बोट दाखवेन. १९२४ला ड्रूला पक्षाघाताचा झटका आला. घर पुरं झाल्यावर जेमतेम वर्षभर त्याला ते लाभलं. १९३१च्या नोव्हेंबरात तो गेला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सेस आणि तिच्या मुलीनं लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत बेघर झालेल्या तान्ह्या मुलांना इथं सांभाळलं. त्या भरीव भिंतींनी खऱ्या अर्थानं कुणाला आसरा दिला असेल तर त्या बाळांना. ल्युटेन्सला हवं होतं ते घर त्या काही वर्षांत पुरेपूर झालं असणार. दगडी मार्गिकांत वाळत घातलेली दुपटी मी मनात बघते तेव्हा ती जागा मला फार आपली वाटते.

१९७४मध्ये कुटुंबानं ड्रोगो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला. विसाव्या शतकात बांधलेली वास्तू ट्रस्टनं घेण्याची ती पहिलीच वेळ. घर मिळालं तसं गळतं छप्परही मिळालं. ठिगळं लावून झाली, वरून थर देऊन झाले, पाणी काही ऐकेना. शेवटी २०१३पासून मुळापासून काम हाती घेतलं. माथ्यावरचे, चऱ्यांचे २,३५५ ग्रॅनाइटचे दगड उतरवावे लागले. वजन ६८० टन. ९००हून अधिक खिडक्या काढून दुरुस्तीला गेल्या, त्यांत १३ हजारांवर काचा. भिंतींच्या दर्जा खरवडून नव्यानं भरायच्या होत्या, त्यांची लांबी साठ किलोमीटरच्या घरात गेली. पुण्याहून लोणावळ्याला जावं एवढी दर्ज! खर्च दीड कोटी पौंडांच्या आसपास. मचाणांनी आणि पांढऱ्या आच्छादनानं किल्ला वर्षानुवर्षं झाकलेला होता.

त्या काळात एक वाद कानावर यायचा. आमच्या घरीही जेवणाच्या टेबलावर तो झाला. जावयाचं म्हणणं, एवढा पैसा त्याच चुकीवर कशाला ओतायचा? एकदाचं उतरतं छप्पर घाला, पाटीच्या दगडाचं, डेव्हनमध्ये घरोघरी असतं तसं, आणि सुटा. मुलगी त्याच्या बाजूनं. वडील असते तर तेही बहुधा त्यांच्याच बाजूनं बोलले असते.

मी नाही म्हणाले, आणि आजही नाहीच म्हणेन. उतरतं छप्पर घातलं असतं तर घर कोरडं झालं असतं, पण मग ड्रू आणि ल्युटेन्स यांच्यातलं ते भांडण पुसलं गेलं असतं, आणि तेच तर इथं वाचायला मिळतं. वरची दातेरी रेघ ही ड्रूची बाजू. जिना, स्वयंपाकघराचा घुमट, दिवाणखान्यातला उजेड ही ल्युटेन्सची. एकाची बाजू काढून टाकली तर दुसऱ्यानं काय आणि किती मिळवलं हे कसं कळणार? ट्रस्टनं केलं ते मला योग्य वाटतं. दिसणारी रेघ तशीच ठेवली आणि तिच्या खाली आजच्या तंत्राचा जलरोधक थर घातला, दगडांच्या फुगण्या-आक्रसण्याबरोबर ताणला जाईल, तडकणार नाही असा. उतरवलेले दगड पुन्हा आपापल्या जागी चढवले.

खाली नदीकाठी ड्रूच्या हयातीतच, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, पाण्यावर चालणारं छोटं वीजघर बांधलं होतं. त्याचीही इमारत ल्युटेन्सचीच. किल्ल्यातले दिवे टेन नदीवर लागायचे. मध्ये बरीच वर्षं ते बंद होतं, २०१७मध्ये ट्रस्टनं ते पुन्हा सुरू केलं. किल्ल्यावरून घळीत उतरणारी पायवाट तिथं जाते, दीडदोन तास हाताशी ठेवून जावं. चढ येताना आहे. पाऊस असेल तर काठी घ्या, आणि उतरण्याआधी स्वयंपाकघर बघून घ्या, कारण वर परत येईपर्यंत तिथला उजेड उतरलेला असतो.